हेंडरिकाबाईंच्या घराला नावं

सांगितलेल्या किमतीला वस्तू घेणं म्हणजे बापजाद्यांचा अपमान, अशी नंदकुमार देवस्थळींची पक्की समजूत होती आणि ती अख्ख्या कुवेतमधल्या मराठी माणसांना ठाऊक होती. शर्कच्या मासळी बाजारात ते शिरले की म्हणे पापलेटं डोळे मिटून घेत. माशाला पापण्या नसतात हे आम्हालाही माहीत आहे. पण देवस्थळींचं बोलणं ऐकलं की माशालासुद्धा त्या फुटाव्यात, असं ते बोलणं असे.

पद्धत अशी. आधी वस्तूकडे असं बघायचं, जणू शेजाऱ्याच्या मुलाचं नापासाचं प्रगतिपुस्तक हातात आलंय. मग नावं ठेवायची. हा मासा आजारी होता का, डोळा असा पांढरा का, कल्ल्यांचा रंग असा का. विकणारा शपथा घेऊ लागला की एक उसासा टाकायचा, 'नको, आपल्या कामाचं नाही' असं बायकोला विकणाऱ्याच्या कानावर पडेल इतपत हळू म्हणायचं, आणि हात मागे बांधून चालू पडायचं. मागे वळून बघायचं नाही. पाठीमागून हाक येतेच. फरवानियातल्या दातांच्या डॉक्टरला त्यांनी 'दाढ तशी कुजकीच आहे, त्या मानाने तुम्ही फार सांगता' असं ऐकवून जिन्यापर्यंत चालत जाऊन दाखवलं होतं, सुजल्या गालानिशी. त्या डॉक्टरनेही हाक मारली होती.

तर अशा माणसाच्या मुलीने हॉलंडमध्ये घर घ्यायचं ठरवलं.

ज्ञानदा नोकरीसाठी डेव्हेंटर नावाच्या शहरात राहत होती. शहर म्हणायचं ते तिच्या शब्दावर विश्वास ठेवून, कारण तिने पाठवलेल्या व्हिडिओत त्या गल्लीत एक मांजर आणि एक सायकल सोडून काही नव्हतं. सायकल भिंतीला टेकवलेली होती आणि मांजरही जवळजवळ तशीच. विटांचं अरुंद घर, दोन्ही बाजूंना चिकटून तशीच घरं, मागे पंचा वाळत घातला तर झाकून जाईल एवढी बाग. मालकीणबाईंचं नाव हेंडरिका. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा वारलेला, आता धाकट्या बहिणीकडे राहायला चाललेल्या. बाईंची एक अट होती. त्या गल्लीत भिंतीला भिंत लावून सगळ्यांचा जन्म गेलेला; आपण जाताना शेजाऱ्यांच्या गळ्यात कोण बांधून जातोय हे त्यांना बघायचं होतं. म्हणून घर मागणाऱ्या प्रत्येकाच्या घरच्यांशी त्या स्वतः बोलणार, आणि पसंत पडतील तेवढ्यांचीच नावं दलालाला कळवणार. त्या नावांनीच सोमवारी दुपारपर्यंत आपापली किंमत बंद पाकिटात टाकायची.

"बाबा, दोनच गोष्टी," ज्ञानदाने फोनवर बजावलं. "सरळ बोला. आणि किमतीचा विषय काढू नका. इथे लोक सांगितल्यापेक्षा जास्तच देतात."

देवस्थळी सोफ्यावर बसले. पेट्रोकेमिकल कंपनीत आयुष्यभर व्हॉल्व्ह सांभाळलेला माणूस. दाब वाढला की काय होतं हे त्यांना अंतर्बाह्य ठाऊक होतं. सांगितल्यापेक्षा जास्त, हे शब्द त्यांनी दोनतीनदा स्वतःशी म्हणून पाहिले. मग उठून पाणी प्यायले. मग हा प्रकार खरा असू शकतो का हे विचारायला खालच्या मजल्यावर मुबीनकडे गेले.

मुबीन रत्नागिरीकडचा. फरवानियात त्याचं कार्गोचं दुकान, माणसं सोडून काहीही गावाला पाठवून देणारं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नंदूभाय, जास्तच द्यायचं तर मग बघायला तरी कशाला जायचं? घरबसल्या मनिऑर्डर करावी."

देवस्थळींना धीर आला. म्हणजे वेड आपल्याला लागलेलं नाही.

शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे हेंडरिकाबाईंचा व्हिडिओ कॉल शुक्रवारी सकाळीच ठरला. ज्ञानदाला तिथे ऑफिस होतं, ती नसणार होती. ही एवढी एकच गोष्ट पुढच्या सगळ्या अनर्थाला पुरेशी होती, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही. चारुशीलाबाईंनी इरकल नेसली, कॅमेऱ्यात दिसेल एवढाच सोफा झटकला आणि नवऱ्याला सांगितलं की तुम्ही नमस्कार करा, हसा, बाकीचं मी बघते. मुबीन 'नुसताच बसायला' म्हणून आला. वरच्या मजल्यावरचा परीक्षित आला तो होकायंत्र घेऊन. हा नाशिकचा इंजिनीअर त्यांच्या रिग्गई वस्तीतल्या निम्म्या संसारांचे पलंग सरकवून बसला होता. कुवेतमध्ये परक्या माणसाला घर विकत घेता येत नाही, भिंती हलवता येत नाहीत, तेव्हा वास्तुशास्त्राचा सगळा भार बिचाऱ्या पलंगांवर पडायचा.

हेंडरिकाबाई स्क्रीनवर आल्या. उंच, पांढरे केस, चष्मा दोरीला. त्यांनी हवापाण्याची चौकशी केली नाही, जेवलात का विचारलं नाही, थेट घर दाखवायला सुरुवात केली. देवस्थळी हसले, नमस्कार केला, आणि पुढचा जिना दिसताक्षणी त्यांच्यातला शुक्रवारचा मासे घेणारा माणूस जागा झाला. किमतीबद्दल बोलायचं नाही हे वचन त्यांनी शेवटपर्यंत पाळलं, हे इथे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. किमतीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

ते म्हणाले, जिना फारच उभा आहे.

वास्तविक इथे विकणाऱ्याने म्हणायचं असतं की छे हो, काय बोलता, माझी आजी धावत चढायची. हेंडरिकाबाई म्हणाल्या की हो, फारच उभा आहे, माझा नवरा त्यावरून दोनदा पडला.

देवस्थळी गडबडले. त्यांनी स्वयंपाकघराला हात घातला. लहान वाटतं. बाई म्हणाल्या, लहान आहेच, आणि तुमच्या जेवणाला तर अगदीच अपुरं पडेल. शिवाय ओट्याखालचा एक कप्पा उघडत नाही, आत काय आहे ते मलाही माहीत नाही. तळघर ओलसर दिसतं, असं देवस्थळींनी नुसतं अंधाराकडे बघून ठोकून दिलं. बाईंनी चष्मा लावून भिंत पाहिली आणि असेल, असं प्रामाणिकपणे कबूल केलं. परीक्षितने कॅमेऱ्याबाहेरून होकायंत्र नाचवत खुणा केल्या. देवस्थळी म्हणाले, दार दक्षिणेला आहे, अशा घरात मालकांची भांडणं होतात. बाई थबकल्या. विचार करून म्हणाल्या की हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, पण आता बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आपण भिंत ढकलायला जावं आणि ती भिंत आपल्याबरोबर पलीकडून ओढायला लागावी, तसं देवस्थळींचं झालं. भांडायला समोर माणूसच उरेना. रस्त्याकडच्या त्या भल्यामोठ्या काचेला पडदा नाही, येणाराजाणारा आत बघेल, हे मात्र चारुशीलाबाई अगदी मनापासून म्हणाल्या, आणि बाई म्हणाल्या की हो, बघतात.

शेवटी देवस्थळींनी उसासा टाकला. बायकोकडे वळून, पण माईकमध्ये जाईल असं, इंग्रजीत म्हणाले की हे काही आपल्या कामाचं नाही. आणि कॉल बंद केला.

"आता बघा," ते सोफ्याला टेकून म्हणाले. मुबीनने मान डोलवली. इतकं घरंदाज चालू पडणं त्यानेही पाहिलं नव्हतं. चहा झाला. पोहे झाले. फोन टेबलावर मधोमध ठेवला होता आणि चौघं त्याच्याभोवती असे बसले होते, जणू तो अंडं घालणार आहे. जुम्म्याची वेळ झाली तसा मुबीन मशिदीत जाऊन आला. येऊन त्याने नुसत्या भुवया उंचावल्या. फोन गप्प.

दुपारी वाजला तेव्हा ज्ञानदा होती. तिचा आवाज शांत होता, आणि आपल्या मुलीचा शांत आवाज म्हणजे काय हे चारुशीलाबाईंना ठाऊक असल्याने त्यांनी आधीच डोळ्याला पदर लावला. हेंडरिकाबाईंनी तिला कळवलं होतं की तुझे वडील फार सरळ माणूस आहेत. घर तुमच्यासाठी योग्य नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, त्याबद्दल आभार. तुझं नाव काढून टाकलं आहे. पुढच्या शोधाला शुभेच्छा.

"बाई चिडल्या असतील," देवस्थळी म्हणाले. "हाक मारतील."

"त्या चिडलेल्या नाहीत बाबा. त्यांनी तुमचं ऐकलं." मग जरा थांबून ती म्हणाली, "मला ते घर हवं होतं. लहानपणापासून भिंतीला खिळा मारायचा म्हटलं की आधी मालकाला विचारा. तिकडे तेच, इकडे तेच. मला एकदा कुणाला न विचारता खिळा मारायचाय."

देवस्थळींनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. रिग्गईतल्या त्या भाड्याच्या घरात एकही खिळा नव्हता. सगळे फोटो फ्रिजवर उभे होते.

त्या संध्याकाळी सल्ल्यांना तोटा नव्हता. परीक्षितचं म्हणणं पडलं की दक्षिणद्वारी संकट टळलं, आनंद माना. मुबीनची बायको रबिया खालून शेवयांची खीर घेऊन आली, ऐकून घेतलं आणि म्हणाली की भाईंनी फोन करून सांगून टाकावं, त्यात काय लाजायचं. पण देवस्थळींच्या शास्त्रात ते बसत नव्हतं. जो चालू पडला त्याने वळायचं नाही. वळला की भाव गेला. आज वळलो तर उद्या मासळी बाजारात कुठल्या तोंडाने उभं राहायचं, असं ते म्हणाले, आणि खीर संपवली.

चारुशीलाबाईंनी वाटी उचलली. "तुम्ही फोन करा, नाहीतर मी करते. मी केला तर त्या डॉक्टरच्या जिन्यापासून सगळं सांगेन."

शनिवारी सकाळी देवस्थळींनी फोन लावला. हेंडरिकाबाईंनी उचलला आणि म्हणाल्या की आपली भेट ठरलेली नाही. देवस्थळी म्हणाले, भेट नाही, मला फक्त माफी मागायची आहे. बाई म्हणाल्या, ठीक आहे, त्यासाठी किती वेळ लागेल? आयुष्यात माफीच क्वचित मागितलेली, तिला वेळ किती लागतो हे देवस्थळी कुठून सांगणार. बाईंनी डायरी चाळली. शनिवारी बहिणीकडे सामान न्यायचं होतं. माफीसाठी रविवारी सकाळी कॉफीच्या आधी पंधरा मिनिटं मिळाली.

रविवार म्हणजे कुवेतमध्ये कामाचा दिवस. देवस्थळी ठरल्या वेळी कंपनीच्या पार्किंगमध्ये आपल्या गाडीत जाऊन बसले. बाहेर उन्हाने डांबर पातळ झालं होतं; तिथे काल उभी केलेली गाडी आज बोटभर खाली गेलेली असते असं लोक सांगतात, आणि खोटं असेल तरी लोक बूट तपासतात. एसी जोरात ठेवला तर आवाज ऐकू येईना, बंद केला तर जीव राहीना. तेवढ्यात हेंडरिकाबाई फोनवर आल्या.

देवस्थळींनी एका दमात सांगितलं की मला घर आवडलं होतं.

"म्हणजे शुक्रवारी तुम्ही खोटं बोललात?"

"नाही बाई. शुक्रवारी मी घर विकत घेत होतो."

मग बाईंनी अगदी भूगोलाच्या तासाला विचारावं तसं, समजावून सांगा म्हणून सांगितलं. देवस्थळी समजावू लागले. आमच्याकडे आवडलेल्या वस्तूची मालकासमोर स्तुती करत नाहीत. नावं ठेवायची, विकणारा म्हणतो माझी पोरं उपाशी मरतील, मग आपण निघून जायचं आणि त्याने हाक मारायची. बाईंनी विचारलं की त्याची पोरं खरंच उपाशी असतात का. नाही, त्याची गाडी माझ्यापेक्षा मोठी असते. हे दोघांनाही माहीत असतं? असतं. मग बोलता कशाला?

हा प्रश्न देवस्थळींना आजवर कुणी विचारलाच नव्हता. खिडकीवर सिक्युरिटी गार्ड टकटक करून बघून गेला, साहेबांना ऊन लागलं की काय म्हणून. "नाहीतर," ते अखेरीस म्हणाले, "आम्ही एकमेकांशी बोलणार काय?"

बाईंनी हे लिहून घेतलं असावं, कारण जरा वेळ लागला. मग त्यांनी एक अडचण सांगितली. शुक्रवारी देवस्थळींनी काढलेले सगळे दोष, त्यात स्वतःला आठवलेले आणखी काही घालून, त्यांनी इमानेइतबारे दलालाला कळवले होते. दलालाने ते जाहिरातीत छापले. ओल, जिना, न उघडणारा कप्पा, दक्षिणेचं दार आणि त्यामुळे होणारी भांडणं. पसंत केलेली सगळी कुटुंबं एकामागून एक मागे हटली. उरला एक माणूस, त्याला घराचे तुकडे करून भाड्याने द्यायचे होते, आणि तो शेजाऱ्यांच्या गळ्यात बांधायला बाई तयार नव्हत्या.

"आता मला शुक्रवारचं बोलणं नको," त्या म्हणाल्या. "या घरातलं तुम्हाला काय आवडलं?"

मासळीवाल्यासमोर सदरा काढून उभं राहायला सांगितलं असतं तरी देवस्थळींना इतकं अवघडल्यासारखं झालं नसतं. मालकासमोर स्तुती. जीभ वळेना. त्यांनी एसी बंद केला.

"तुम्ही तळघराची भिंत बघत होतात," ते सावकाश म्हणाले, "तेव्हा सगळं गप्प झालं. मला वाटलं कॉल तुटला. मग तुमच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. आमच्या बिल्डिंगमध्ये एसी आहेत, पंप आहे, खाली शाळेच्या बसेस आहेत. मला वाटलं, माझी मुलगी संध्याकाळी घरी येईल आणि तिला तिच्या घरातलं घड्याळ ऐकू येईल."

हेंडरिकाबाई म्हणाल्या, "घड्याळ मी बरोबर नेणार आहे."

"चालेल," देवस्थळी घाईने म्हणाले, आणि आपण काहीतरी घासाघीस न करता सोडून दिलं हे लक्षात येऊन स्वतःच चमकले.

नाव पुन्हा यादीत चढलं. पण सोमवार उजाडला तो दलालाचा प्रश्न घेऊन. वडील घरासाठी थोडा हातभार लावणार, तेव्हा वडील राहतात कुठे याचा पुरावा हवा. देवस्थळींच्या बताक्यावर, म्हणजे सरकारी ओळखपत्रावर, पत्ता होता. पण दलालाने तो नकाशात घातला तर तिथे केशकर्तनालय निघालं. आता रिग्गईत पत्ता असा कुणी वापरतच नाही. जमियाच्या, म्हणजे सहकारी दुकानाच्या मागे, मशिदीच्या आधी, जिथे पांढरी गाडी उभी असते तिथे, असं सांगितलं की पिझ्झासुद्धा गरम पोचतो. बिल्डिंगवरची नंबराची पाटी वाळूच्या वादळात पडली होती आणि तेव्हापासून शेजारची बिल्डिंगही तोच नंबर सांगत होती. हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार महबूब, याने ती पाटी पाण्याच्या पंपाखाली टेकण म्हणून लावल्याचं उघड झालं. देवस्थळी रजा टाकून घरी थांबलेले आणि दुपार जवळ येत चाललेली. मग मुबीनने शिडी धरली, महबूब वर चढून पाटी छातीशी धरून उभा राहिला, खाली देवस्थळी आपला बताका गालाजवळ धरून, आणि चारुशीलाबाईंनी हे सगळं व्हिडिओवर दलालाला दाखवलं. पंप उचलल्यामुळे इमारतीचं पाणी गेलं आणि प्रत्येक खिडकीतून माणसं ओरडू लागली. दलालाने विचारलं, हा आवाज कसला? साक्षीदार आहेत, असं चारुशीलाबाई म्हणाल्या. त्याने मंजूर केलं.

ज्ञानदाने पाकीट टाकलं. त्यात बाईंनी सांगितलेलीच किंमत होती, कमी नाही, जास्त नाही. आणि देवस्थळी अजून उन्हाचा घाम पुसतायत तोच तिचा फोन आला. घर मिळालं.

चारुशीलाबाई देवापुढे साखर ठेवायला धावल्या. मुबीनने पाठीवर थाप मारली आणि साहजिकच विचारलं की नंदूभाय, किती खाली आणलंत? देवस्थळींनी ऐकू न आल्यासारखं केलं. त्यांचा चेहरा काही ठीक दिसत नव्हता. फोन घेऊन ते बाल्कनीत गेले.

"लगेच हो म्हणाल्या?"

"लगेच, बाबा."

"जरासुद्धा न थांबता?" विकणारा लगेच हो म्हणाला म्हणजे आपण कुठेतरी फसलो, हे त्यांच्या हाडामांसात होतं. कुठे फसलो ते मात्र सापडेना. खरे दोष कुठले, आपण रचलेले कुठले, आणि बाईंनी वर घातलेले कुठले, याचा त्यांच्या डोक्यात पार काला झाला होता.

"बाबा, आता सरळ सांगा. तुम्हाला आवडलंय ना घर?"

देवस्थळींनी तोंड उघडलं. आणि तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं की आता मालकीण हीच.

"नाही म्हणजे, तसं बरं आहे," ते म्हणाले. "ती वरची मागची खोली जरा लहान वाटली मला."

"लहानच आहे," ज्ञानदा म्हणाली. "ती तुमची आणि आईची."

खाली महबूब पुन्हा पंप चालू करत होता आणि त्या घरघरीत देवस्थळींनी फोन कानाशी घट्ट दाबला. ज्ञानदाने दोनदा हॅलो केलं. मग त्यांनी घसा साफ केला.

"तशी काही फार लहान नाही म्हणा," ते म्हणाले.